"एकदा करून तर बघ"

"मॅडम, आजाराचं मी बघून घेईन हो, पण ह्या सल्ल्यांचं काय करू?" मी समुपदेशक आहे, आणि हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता पेशंटने अर्धं म्हटलं की पुढचं मला कळतं. डायबेटिसवाल्यांना कोणीतरी कारल्याचा रस सांगितलेला असतो, थायरॉइडवाल्यांना धण्याचं पाणी, आणि केमो चालू असलेल्या एका काकांना तर बघायला आलेल्या पाहुण्याने उशाशी बसून गोमूत्राचा डोस समजावला होता. म्हणून आज सुजाताताईंची गोष्ट लिहितेय, नाव आणि बारीकसारीक तपशील बदललेत, सेशन्स बरीच झाली पण मोजकंच सांगते.

वय ४३, हायस्कूलमध्ये सायन्स शिकवतात. दोन वर्षांपूर्वी रुमेटॉइड आर्थ्रायटिस निघाला, म्हणजे आपलीच प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांवर उलटते तो संधिवात, बायकांमध्ये पुरुषांपेक्षा दोन-तीन पट जास्त दिसतो. सकाळी तास-दीड तास बोटं वळत नाहीत, कुकरचं झाकण लागत नाही, खडू हातातून निसटतो. मेथोट्रेक्सेट ही त्यावरची गोळी चालू होती, ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, यांचा वार रविवार, सोबत फॉलिक ॲसिड आणि ठरलेल्या दिवसांनी लिव्हरची रक्ततपासणी.

आणि सल्ले? निर्गुडीचा शेक, तांब्याचं कडं, मॅग्नेटची गादी, अमक्या गावचे वैद्य, "अ‍ॅलोपॅथी नुसतं दाबते, मुळापासून काढत नाही", आणि शेवटी सगळ्यांचं ठरलेलं, "एकदा करून तर बघ, नुकसान तर नाही ना!"

बाईंचा ह्या कशावरही विश्वास नव्हता आणि वाद घालायची पूर्ण तयारी होती. कोणी गुळवेल सांगितली की त्या म्हणायच्या, माझी प्रतिकारशक्तीच माझ्यावर उलटलीये, ती आणखी कशाला वाढवू? मग २०२१ मध्ये मुंबईच्या लिव्हरच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा पेशंटच्या लिव्हरला इजा झाल्याचं प्रसिद्ध केलं होतं, ते मोबाईलवर काढून दाखवायच्या. एकाला तर १९५४ चा ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायदाच पाठवला होता, डायबेटिस, कॅन्सर, संधिवात असे आजार बरे करतो अशी जाहिरात करायला त्यात बंदी आहे म्हणून.

माझ्याकडे आल्या त्या गौरीजेवणाच्या प्रसंगानंतर. मोठी नणंद पुण्याहून येताना चूर्णाच्या पुड्या घेऊन आली, पानं वाढलेली असताना प्रेमाने म्हणाली, "अगं, माझ्यासाठी तरी घे, एकदा करून तर बघ." सुजाताताईंनी भर पंगतीत तिला सुनावलं, अडाणी म्हटलं. नणंद भरल्या ताटावरून उठली. सणाच्या दिवशी बाई ताटावरून उठते तेव्हा घरात काय होतं ते मी सांगायला नको.

"मी चुकीचं काय बोलले?" हा त्यांचा पहिला प्रश्न.

"माहिती सगळी बरोबर आहे तुमची. मग झोप का लागत नाहीये?"

त्यावर गप्प बसल्या.

मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारपद्धतीने काम करते, म्हणजे त्रास देणारा विचार शोधून तो तपासायचा. त्यांनी ती १९५५ च्या सुमारास मांडायला सुरुवात केली आणि आपल्याकडे कि. मो. फडके सरांनी ती मराठीत रुजवली. मला ती आवडते कारण मराठी माणसाला ती एका अक्षरात सांगता येते. मी सुजाताताईंना मनात येतं ते लिहायला सांगितलं, त्यांनी लिहिलं, "लोकांनी मला सल्ला द्यायलाच नको." मी त्यातल्या 'च' ला पेनाने गोल केला. म्हटलं, हा काढून वाचा. सल्ला दिला नाही तर बरं, ही तुमची इच्छा झाली आणि ती रास्त आहे, पण द्यायलाच नको म्हटलं की तो हुकूम झाला, आणि तुमचा हुकूम अख्खं खानदान रोज मोडतंय म्हणून तुम्ही रोज जळताय.

त्यांना ते पटलं, पण डोक्याने. राग तसाच राहिला, आणि मला तेव्हाच वाटलं होतं की खाली अजून काहीतरी आहे.

पाचव्या सेशनला मी विचारलं, "नणंदताई 'एकदा करून तर बघ' म्हणाल्या, तेव्हा तुम्हाला नेमकं काय ऐकू आलं?"

बराच वेळ बोटांची पेरं दाबत बसल्या. मग म्हणाल्या, "तू बरी होत नाहीयेस ते तुझ्यामुळे."

मी काहीच बोलले नाही. अशा वेळी बोलायचं नसतं, हे शिकायला मला बरीच वर्षं लागली.

"मॅडम, मी घेतलंय ते चूर्ण. त्या गेल्यावर पुड्या ओट्यावरच होत्या. एका रात्री तीन वाजता मनगट इतकं ठणकत होतं की पाण्याबरोबर घेतलं. अकरा दिवस घेतलं. मुलांना अंधश्रद्धेवर निबंध लिहायला लावणारी बाई मी. कोणालाच सांगितलं नाही, डॉक्टरांनाही नाही." आणि मग खूप रडल्या.

सगळा राग नणंदेवर निघत होता, पण त्यातला निम्मा स्वतःवरचा होता. नंतर मी माझ्या इतर केसेस आठवून बघितल्या तर असंच पुन्हा पुन्हा दिसलं, जो पेशंट सल्ल्यांवर सगळ्यात जास्त उसळतो त्याच्या आतच "आपण हट्टीपणाने बरं व्हायची संधी तर घालवत नाही ना?" ही भीती असते. सल्ला त्या भीतीवर बोट ठेवतो आणि आपण सल्ला देणाऱ्याशी भांडतो.

मी त्यांना इतकंच म्हटलं, तीन वाजता मनगट ठणकत असताना माणूस काहीही करतो, त्याने तुमची बुद्धी खोटी ठरत नाही. पण उद्याच्या उद्या डॉक्टरांना सांगायचं, उरलेल्या पुड्या पर्समध्ये घालून न्यायच्या. याबाबतीत मी अजिबात सैल सोडत नाही. मेथोट्रेक्सेटचा भार लिव्हरवर असतोच, त्यात काय घातलंय हे लिहिलेलं नसलेलं चूर्ण, अशा पुड्यांमध्ये कधीकधी स्टिरॉइड मिसळलेलं सापडतं. डॉक्टर रागावले नाहीत, तपासण्या करून घेतल्या, रिपोर्ट सुदैवाने ठीक आले.

त्यानंतर उत्तर तयार करायला दोन सेशन्स लागली, कारण ते रागाशिवाय तोंडात बसायला हवं होतं. मी नणंद झाले, त्या त्याच राहिल्या. ठरलेलं वाक्य असं, "तुम्हाला काळजी वाटते ते कळतं मला. औषधाचं मी डॉक्टरांशीच ठरवते, त्यात बदल करणार नाही." एवढंच. पुरावे नाहीत, लिंक नाही, कायदा नाही, कारण पुरावा दिला की समोरच्याला वाटतं चर्चा चालू आहे. दुसऱ्यांदा विचारलं तर तेच वाक्य त्याच आवाजात. "विश्वास नाही म्हणून गुण येत नाही" असं कोणी म्हटलंच तर हो-नाही न करता विषय बदलायचा. आणि कोणाला खरंच वैद्याकडे जायचं असेल तर जावं, पण रजिस्टर्ड वैद्य बघून, दोन्हीकडे खरं सांगून, चालू गोळी आपल्या मनाने न थांबवता.

शेवटी मी विचारलं, "त्यांच्या हातून तुम्हाला खरं काय हवंय?" पटकन म्हणाल्या, "नारळ खवून. विळीवर बसले की माझी मनगटं संपतात."

ते त्यांनी नणंदेला फोनवर सांगितलं, त्याआधी चूर्ण घेतल्याचंही सांगितलं आणि पंगतीतल्या बोलण्याची माफीही मागितली. मागच्या वेळी आल्या तेव्हा सांगत होत्या, ताई आल्या की आधी विळी मागतात, चार नारळ खवून डबे फ्रीजरमध्ये लावून जातात. जाताना वैद्यांचा विषय अजूनही काढतात. सुजाताताई ते ठरलेलं वाक्य म्हणतात, आणि ताई म्हणतात, "बरं बाई, मग पुढच्या खेपेला नारळ पाच आणून ठेव."