युरियाने जिवाणू मरतात म्हणे! थीसिस सुरू करणाऱ्या एका पोरीला पत्र

बेटा,

युरिया, शेणखत आणि काळ्या जमिनीतले जिवाणू यावरच्या तुझ्या थीसिसचं सिनॉप्सिस, म्हणजे आराखडा, काल रात्री वाचलं, नागपुरात लाइट गेली होती म्हणून मोबाइलच्या उजेडात. पहिलीच ओळ, ‘रासायनिक खते जमिनीतील जिवाणू मारतात व सेंद्रिय खते त्यांना जगवतात.’ ही ओळ काढ. रागावू नको, तुझ्या वयात मीही हेच लिहिलं होतं आणि व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरून आलेल्या सरांनी एवढंच विचारलं, कोणते जिवाणू? मी पंख्याकडे बघत बसलो.

वावरात युरिया पडला की आधी युरिएज एन्झाइम त्याचं अमोनियम करतं, मग नायट्रोसोमोनाससारखे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, पुढे नायट्रोबॅक्टर नाहीतर नायट्रोस्पायरा नायट्रेट करतात, एवढं तुला पाठ आहे. पण अमोनियावर जगणारे आर्किया, म्हणजे जिवाणूंसारखे दिसणारे पण वेगळ्या कुळातले सूक्ष्मजीव, पण असतात, त्यातला पहिला लॅबमध्ये वाढवला तो 2005 मध्ये, आणि 2015 मध्ये तर अमोनियापासून नायट्रेटपर्यंतचं सगळं काम एकटेच करणारे नायट्रोस्पायरा सापडले. म्हणजे पाठ्यपुस्तकातली दोन हातांची साखळी आता तशी राहिलेली नाही.

आता बघ, युरियाची मूठ पडली की तिथे अमोनियमचा एकदम सुकाळ होतो, त्यात अमोनियावाले जिवाणू फोफावतात. आर्कियांना थोडक्यात भागवायची सवय, त्यामुळे शेणखतातून हळूहळू सुटणाऱ्या अमोनियमवर त्यांचं बरं चालतं. हे काही सगळीकडे लागू पडणारं नाही, जमिनीप्रमाणे बदलतं, पण अनेक प्रयोगांत असंच दिसलंय. तर युरियाने मारलं कुठे? उलट जेवू घातलं, फक्त पंगतीत कोण बसलं ते बदललं. जगभरच्या लांब मुदतीच्या प्रयोगांचा एक एकत्रित आढावा 2014 मध्ये आला, त्यात खनिज खतवाल्या प्लॉटमध्ये सूक्ष्मजीवांचं एकूण वजन बिनखताच्या प्लॉटपेक्षा सरासरी 15 टक्के जास्तच निघालं, कारण पीक जोमदार आलं की मुळ्या आणि पालापाचोळा जमिनीला जास्त मिळतो. जिथे पीएच 5 च्या खाली गेला, म्हणजे जमीन फार आंबट झाली, तिथे मात्र उलटं.

आणि इथेच तू दुसरी गडबड केलीयस. अमोनियमचं नायट्रेट होताना आम्ल सुटतं, त्याने जमीन आंबट होते, हे खरं, पण तू ज्या पेपरांचा दाखला दिलायस ते सगळे तांबड्या आम्ल जमिनीतले आहेत. आपली काळी जमीन चुनखडीची, पीएच 8 च्या आसपास, ती एवढं आम्ल सहज पचवते. आपला घाटा निराळा आहे बावा, वर फेकलेला युरिया अशा जमिनीत अमोनिया होऊन हवेत उडतो.

सेंद्रिय खतालाही डोक्यावर घेऊ नको. कच्चं कुटार किंवा पऱ्हाटीचा भुगा गाडला की त्यात कार्बन भरपूर, नायट्रोजन कमी, मग जिवाणू जमिनीतलाच नायट्रोजन ओढून घेतात आणि पीक पिवळं पडतं. दुसरं म्हणजे जुलैची झड लागली, काळी माती चिकट होऊन हवा बंद झाली, की डीनायट्रिफायर, म्हणजे नायट्रेटचा वायू करणारे जिवाणू, कामाला लागतात. त्यांतल्या बहुतेकांना कार्बन लागतो आणि तो शेणखताने आयताच दिलेला असतो. त्यातून निघणारा नायट्रस ऑक्साइड कार्बन डायऑक्साइडपेक्षा वजनामागे सुमारे 270 पट जास्त तापवतो. तो तसाच बाहेर पडतो की साधा नायट्रोजन होऊन जातो हे नॉस-झेड जीनवाल्यांवर आहे, म्हणून अमोनियावाल्यांचा अमो-ए जीन नुसता मोजू नको, हाही मोज. आणि जीनची कॉपी जास्त म्हणजे काम जास्त असंही धरू नको, कारखान्यात मशीनं किती आहेत ते कळलं म्हणून चालू किती आहेत ते कळत नाही, त्यासाठी नायट्रिफिकेशनचा, म्हणजे अमोनियमचं नायट्रेट होण्याचा, वेग वेगळा काढावा लागतो.

ट्रीटमेंटमध्ये, म्हणजे कोणत्या प्लॉटला काय द्यायचं त्यात, तू ‘एक बंडी शेणखत’ विरुद्ध ‘एक बॅग युरिया’ लिहिलंयस ते वाचून मला हसूच आलं. 45 किलोच्या बॅगेत 46 टक्क्यांनी 20.7 किलो नायट्रोजन. शेणखतात अर्धा टक्का धर, म्हणजे तेवढ्यासाठी चार टनांच्या वर लागेल, त्यातला पहिल्या हंगामात थोडाच मोकळा होतो आणि वरून स्फुरद-पालाश आलंच. नायट्रोजन सारखा ठेव, शेणखत आधी टेस्ट करून घे. अजून एक, 2015 पासून आपल्याकडचा युरिया बहुतेक नीम कोटेडच, म्हणजे कडुनिंबाचं तेल लावलेला, मिळतो आणि नीम नायट्रिफिकेशन मंद करतो, म्हणजे तुझ्या ‘नुसत्या युरिया’त तू मोजायला निघालीस त्याच जिवाणूंना अडवणारा माल आहे! एक प्लॉट लॅबच्या साध्या युरियाचा ठेव.

दोन वर्षांत शेणखताचा खरा फरक दिसेल असं वाटत नाही मला. इंग्लंडात रॉथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात 1843 पासून शेणखत आणि खनिज खत शेजारी-शेजारी चालू आहे, आणि आपल्या अकोल्याला 1988 पासून ज्वारी-गव्हाचा प्रयोग आहे. तुझ्या गाइडला विचार, तिथले सँपल मिळतात का बघ.

सँपलवरून आठवलं. एकदा मे महिन्यात काटोलकडून माती आणली, प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधून गाडीच्या डिक्कीत ठेवल्या, घरी पाव्हणे आले आणि दोन दिवस विसरलो. नंतर नायट्रेट काढलं तर बिनखताच्या प्लॉटमध्येही भरमसाठ, मी आठवडाभर खूश, काहीतरी नवीन सापडलं म्हणून! जिवाणूंनी डिक्कीत बसून काम केलं होतं, दुसरं काही नाही. तू थर्मासचा डबा आणि बर्फ घेऊन जा, त्याच दिवशी चाळून नायट्रेट-अमोनियम पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात काढ, डीएनएची माती वेगळी काढून लगेच डीप फ्रीजला टाक, पिशवीच्या चिठ्ठीवर तारीख पेन्सिलने लिही, पेनची शाई ओलाव्याने पसरते.

रविवारी सकाळी ये, नवीन ट्रीटमेंटचा तक्ता घेऊन. काकूने तर्री-पोहे करायचं कबूल केलंय.

तुझा,
सर