सरासरी कळली, पण दिवस किती?

प्रश्न : मी देवगडला राहून बँकेच्या परीक्षांची तयारी करते. ‘माहितीची पर्याप्तता’ या प्रकारातील, म्हणजे उत्तर काढायला दिलेल्या दोन विधानांपैकी कोणते पुरेसे आहे हे ठरवण्याच्या प्रकारातील, माझी दोन उदाहरणे चुकली. पहिले असे : हापूसच्या बागेतून रोज आदल्या दिवसापेक्षा एक पेटी जास्त भरली गेली आणि दिवसाची सरासरी १२ पेट्या आली, तर शेवटच्या दिवशी किती पेट्या भरल्या? विधान १ : काढणी ९ दिवस चालली. विधान २ : पहिल्या दिवशी ८ पेट्या भरल्या. दुसरे विधान दिवसांची संख्या सांगत नाही, म्हणून मी फक्त पहिले पुरेसे मानले. दुसरे उदाहरण : किमान दोन क्रमागत पूर्णांकांची सरासरी पूर्णांक आहे का? विधान १ : त्यांची बेरीज १५ आहे. विधान २ : त्यांतील सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा, दोन्ही पूर्णांक विषम आहेत. येथे मला दोन्ही विधाने स्वतंत्रपणे पुरेशी वाटली.

उत्तर : सरासरी म्हणजे बेरीज भागिले संख्या, ही व्याख्या तुमच्या मनात इतकी पक्की आहे की दिवस कळल्याशिवाय पुढे जाताच येणार नाही, असे तुम्ही धरून चाललात. क्रमागत पूर्णांकांत मात्र पहिला आणि शेवटचा, दुसरा आणि शेवटून दुसरा, अशा प्रत्येक जोडीची बेरीज सारखीच येते. त्यामुळे सरासरी ही केवळ दोन टोकांच्या बेरजेची निम्मी असते. सरासरी १२ म्हणजे टोकांची बेरीज २४, त्यातून ८ वजा केले की १६ उरतात, आणि दिवस मोजण्याची गरजच पडत नाही. पहिल्या विधानानुसार मधला, म्हणजे पाचवा दिवस १२ पेट्यांचा. त्यापुढे चार दिवस, म्हणून पुन्हा १६. अशा प्रश्नांत दोन विधाने एकमेकांना खोटे पाडत नाहीत, तेव्हा दोन्हींतून वेगवेगळी उत्तरे आली असती तर आपलेच गणित कुठेतरी चुकले, असे समजावे. येथे प्रत्येक विधान एकटे पुरेसे आहे.

दुसऱ्या उदाहरणात तुम्ही बहुधा १ ते ५ आणि ४, ५, ६ हे दोन संच तपासून थांबलात, कारण त्यांची सरासरी अनुक्रमे ३ आणि ५ येते. ७ आणि ८ यांचीही बेरीज १५ होते, पण सरासरी ७.५ आहे, म्हणून पहिले विधान अपुरे. विधान पुरेसे ठरवताना पटणारी उदाहरणे गोळा करण्याऐवजी न पटणारे एक शोधावे, असा माझा आग्रह असतो. दुसऱ्या विधानात दोन विषम टोकांची बेरीज सम होते, तिची निम्मी नेहमी पूर्णांक असते. म्हणून केवळ दुसरे विधान पुरेसे आहे.

जाता जाता, ‘पूर्णांक’ म्हटले की शून्य आणि ऋण संख्याही आल्या. उणे १४ पासून १५ पर्यंतच्या ३० पूर्णांकांची बेरीजही १५ च होते आणि त्यांची सरासरी ०.५ आहे. पेट्या ऋण नसतात, त्यामुळे पहिल्या उदाहरणात हा विचार करावा लागला नाही.