चिकोडीकडं सोयाबीन उशिरा निघालं, डिसेंबरात गहू पेरला तर उतारा घटेल का?

घटणारच. पाणी देऊन घ्यायच्या गव्हाच्या पेरणीला आपल्याकडं नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा बरा. आधीच आपली थंडी आखूड. डिसेंबरात पेरलं की फुटव्यांना, म्हणजे बुडातून निघणाऱ्या जादा काड्यांना, थंडीचे दिवस कमी मिळतात, ओंब्या कमी धरतात आणि दाणा भरायच्या वेळी फेब्रुवारी-मार्चचं ऊन गाठतं. मग दाणा चिमतो, वजन भरत नाही. फार लवकर, ऑक्टोबरच्या उन्हात पेरूनही फुटवे कमीच येतात.

पेरायचंच असेल तर उशिराच्या पेरणीचं वाण घ्या, फुटव्यांची तूट भरायला हेक्टरी 100 ऐवजी 125 किलोच्या आसपास बी टाका. पेरणीनंतर 21व्या दिवसाचं पाणी चुकवू नका. डिसेंबरचा दुसरा आठवडा ओलांडला, तर मी गव्हाचा नाद सोडीन.