शंभर गुण मिळवूनही यादीत नाव नाही

प्रश्न : शाळेच्या निकालाचा डेटाबेस मायएसक्यूएल या डेटाबेस-सॉफ्टवेअरमध्ये आहे. गैरहजर मुलांसाठी ‘एबी’ भरावे लागते, म्हणून ‘गुण’ हा रकाना व्हारचार (मजकुराचा प्रकार) ठेवला आहे. ‘व्हेअर गुण >= '३५'’ अशी क्वेरी चालवली की ४ आणि ९ गुणवाले उत्तीर्णांच्या यादीत येतात, ‘एबी’ही येतात आणि १०० गुणवाली मुलगी गळते. कुठे चुकते?
– एक शिक्षिका, कराड

उत्तर : रकाना मजकुराचा आणि ३५ अवतरणात, त्यामुळे शब्दकोशात शब्द लावतात तशी डावीकडून एकेका अक्षराची तुलना होते. ‘१००’ मधला १ हा ‘३५’ मधल्या ३ च्या आधी येतो. निकाल तिथेच लागला, पुढची शून्ये कोणी बघत नाही. ‘९’ तर पहिल्याच अक्षराला ३ च्या पुढे. अक्षरांचा क्रम आकड्यांनंतर, म्हणून ‘एबी’ही पास. ऑर्डर बाय (नोंदी क्रमाने लावण्याचा आदेश) लावून पाहा, १०० हा १० आणि ११ च्या मध्ये बसलेला दिसेल.

आज यादी हवी असेल तर कास्टने मजकुराची दशांश संख्या करून असे लिहा (टाइप करताना अक्षरे व आकडे इंग्रजीच वापरा) :

व्हेअर कास्ट(गुण अ‍ॅज डेसिमल(५,२)) >= ३५

डेसिमलऐवजी अनसाइन्ड (पूर्णांकाचा प्रकार) घेऊ नका, ‘३५.५’ चे ३५ होतील. कास्ट करताना ‘एबी’चा ० होतो आणि फक्त वॉर्निंग येते. देवनागरीत भरलेल्या ‘४२’ चाही ० होतो, हे फार घातक, कारण उत्तीर्ण मूल गुपचूप नापास होते. रकमांच्या रकान्यात ‘१,२५,०००’ असेल तर स्वल्पविरामाशी वाचन थांबून हाती १ उरतो. म्हणून आधी रेगएक्सपने (अक्षरांचा साचा जुळवून) बिघडलेल्या नोंदी शोधा :

व्हेअर गुण नॉट रेगएक्सप '^[०-९]+([.][०-९]+)?$'

पोस्टग्रेएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेस-सॉफ्टवेअरमध्ये मजकुराचा रकाना थेट ३५ या संख्येशी ताडला तर क्वेरी एरर देऊन थांबते. आमच्या मते तेच बरे, चूक लगेच कळते.

खरा इलाज रकाना बदलण्याचा. बॅकअप घ्या. ‘हजेरी’ असा वेगळा रकाना करून ‘एबी’ तिकडे हलवा, ‘गुण’मध्ये त्या जागी नल (म्हणजे ‘मूल्यच नाही’) ठेवा आणि मग अल्टर टेबल या रचना बदलण्याच्या आदेशाने प्रकार डेसिमल(५,२) करा. क्रम उलटा झाला तर स्ट्रिक्ट मोडमध्ये (चुकीचे मूल्य नाकारणारी सेटिंग) अल्टर अडते. तो मोड बंद असेल तर गैरहजर आणि शून्य गुण कायमचे एक होतात. नल असलेली नोंद ‘>= ३५’ मध्येही येत नाही आणि ‘< ३५’ मध्येही नाही, तेव्हा गैरहजरांची यादी वेगळी काढा.

प्रश्न : मग बँक खाते क्रमांकाचा रकानाही संख्येचा करावा का?

उत्तर : मुळीच नको. सुरुवातीची शून्ये उडतील. त्याची बेरीज-वजाबाकी कधी करायची नसते, तो मजकूरच. मात्र शोधताना क्रमांक अवतरणात लिहा. अवतरण सुटले तर मायएसक्यूएल दोन्ही बाजू फ्लोटिंग पॉइंटमध्ये (फार मोठ्या संख्येचे शेवटचे आकडे अचूक न ठेवणारा प्रकार) नेते. इंडेक्स (जलद शोधासाठीची सूची) वापरला जात नाही, आणि १७ आकडी क्रमांकांत शेवटचा आकडा वेगळा असलेले शेजारचे खातेही जुळल्याचे दिसू शकते.