वाचकांचे प्रश्न : स्टेशनची बिल्डिंग झाली, मग गाडी कुठं अडली?

17 सप्टेंबर 2025 ला, मुक्तिसंग्राम दिनी, बीडहून अहिल्यानगरकडं पहिली प्रवासी गाडी सुटली आणि तेव्हापासून या पानाकडं येणारी निम्मी पत्रं रेल्वेचीच. कोणाच्या शिवारात भराव पडलाय, कोणाच्या गावाला स्टेशन मिळालंय, कोणाला नुसतं ऐकायलाच मिळालंय. त्यातली पाच निवडली.

"आमच्या शिवारात बीड–परळी लाइनचं स्टेशन व्हायलंय. बिल्डिंगचा स्लॅब पडला, पोरं रोज फोटो टाकायलेत, अन् जो तो वेगळीच तारीख सांगायलाय. कोणी म्हणतं दिवाळी, कोणी म्हणतं पाडवा. नेमकं काय बघितलं म्हणजे कळंल?"
*(एक निवृत्त गुरुजी, वडवणी तालुका)*

गुरुजी, पहिलं म्हणजे बिल्डिंगकडं बघणं सोडा. स्टेशनची इमारत हे अख्ख्या लाइनमधलं सगळ्यात सोपं काम, गावातल्या शाळेच्या दोन खोल्या बांधणारा गुत्तेदारही ते करू शकतो, आणि ती फोटोत छान दिसते म्हणून सगळे तिचेच फोटो टाकतात. गाडी अडते ती दोन स्टेशनांच्या मधे. तिथं एखादा नदीवरचा पूल अर्धवट असतो, एखाद्या गटाचा मावेजा कोर्टात असतो, आणि तेवढ्या पाव किलोमीटरसाठी दोन्ही बाजूचे रंगवलेले स्टेशन नुसते उभे राहतात.

म्हणून बघायचं असेल तर असं बघा. आधी भराव. तो एकदम ढीग घालून होत नाही, थर टाकायचा, पाणी मारायचं, रोलर फिरवायचा, मग वरचा थर. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते अन् उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्यामुळं तिच्यावर सरळ रूळ टाकता येत नाहीत, वरून चांगल्या मुरमाचा जाड थर द्यावा लागतो. त्याच्यावर खडी, खडीवर सिमेंटचे स्लीपर, एका किलोमीटरला साधारण 1660, आणि मग रूळ, मीटरला 60 किलोवाले. डंपरनं खडीचा पहिला थर पडायला लागला की समजा माती अन् पुलाचं काम त्या तुकड्यापुरतं उरकलं.

आणखी एक खूण. रूळ बहुतेक वेळा जुन्या चालू लाइनीकडून पुढं सरकत येतात, कारण रूळ, स्लीपर, पुढची खडी हा सगळा माल रेल्वेनंच आणणं परवडतं. ही लाइन नगरकडून अशीच आली, सप्टेंबर 2022 ला आष्टीपर्यंत गाडी सुरू झाली, मग बीड जिल्ह्यातलं अमळनेर, मग बीड. परळीला जुनी रेल्वे आहेच, म्हणून तिकडूनही काम पुढं आणता येतं. तुम्ही मधे राहता, तर दोन्हीकडून रूळ कुठवर आलेत तेवढं विचारत चला.

रूळ जोडले म्हणजे झालं असंही नाही हां. आधी इंजिन फिरतं, खडीच्या गाड्या फिरतात, त्यांच्या वजनानं रूळ बसतात, मग मशीननं खडी दाबून लेव्हल करतात. त्यानंतर रेल्वे सुरक्षा आयुक्त, ज्याला सगळे सीआरएस म्हणतात, त्यांची तपासणी. गंमत अशी की हे आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या हाताखाली नाहीत, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाकडं आहेत, म्हणजे ज्यानं बांधलं त्यानंच पास करायचं असं होऊ नये. ते ट्रॉलीवर बसून पूल, वळणं, सिग्नल बघतात, शेवटी गाडी जोरात पळवून स्पीड ट्रायल घेतात. त्यांची मंजुरी असल्याशिवाय प्रवासी बसवता येत नाहीत, मंत्री कोणीही असो. तर तुमच्या तुकड्याच्या सीआरएस तपासणीची तारीख पेपरात आली की मग पाडवा का दिवाळी ते बोला. त्याच्या आधीच्या सगळ्या तारखा भाषणातल्या.

"दरवर्षी बजेटला पेपरात येतं, अमुक लाइनला इतके कोटी. आजोबापासून ऐकायलोय. हे पैसे जातात कुठं?"
*(बी.ए.चा विद्यार्थी, बीड)*

भाऊ, पैसे जातात कुठं यापेक्षा येतात कधी हा खरा मुद्दा. अहमदनगर–बीड–परळी ही 261 किलोमीटरची लाइन 1995 च्या सुमारास मंजूर झाली तेव्हा खर्च धरला होता 353 कोटी. पुढं तो 2826 कोटी झाला, आणि आता 4805 कोटींच्या घरात आहे. म्हणजे दरवर्षी थोडी थोडी तरतूद व्हायची, तिच्यात जमिनीचे पैसेही भागायचे नाहीत, तोवर सिमेंट-लोखंड महाग व्हायचं, जमिनीचे दर वाढायचे, आणि पुन्हा सुधारित अंदाजपत्रक. केशरकाकू क्षीरसागरांपासून गोपीनाथराव मुंड्यांपर्यंत बीडच्या खासदारांनी या लाइनीसाठी दिल्लीत आवाज उठवला, तरी गाडी बीडला यायला तीस वर्षं गेली. निम्मा खर्च राज्यानं उचलायचा असं ठरल्यावर वेग आला हे खरंय, पण त्याचा दुसरा अर्थ असा की आता दोन तिजोऱ्यांकडं बघावं लागतं. केंद्रानं दिले अन् राज्याचा हप्ता राहिला, की गुत्तेदार मशिनी दुसऱ्या साइटवर हलवतो.

बजेटनंतर रेल्वेचं पिंक बुक निघतं, ते नेटवर फुकट मिळतं, त्यात प्रत्येक लाइनीपुढं एकूण खर्च, आतापर्यंतचा खर्च अन् यंदाची तरतूद असे आकडे असतात. पेपरात फक्त शेवटचा आकडा छापतात. तू पहिले दोन बघ, उरलेल्या रकमेला यंदाच्या तरतुदीनं भाग, किती वर्षं लागतील त्याचा अंदाज तुझा तुलाच येईल.

आणि माहिती अधिकार वापर. दहा रुपये फी, ऑनलाइन भरता येते, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. पण "काम का रखडलं" असं विचारू नको, त्याला काहीही गोलमाल उत्तर येतं. अमुक ते अमुक स्टेशनदरम्यान एकूण पूल किती, पूर्ण किती, ताब्यात न आलेली जमीन किती हेक्टर, असं मोजता येण्यासारखं विचार. आणि अर्ज मध्य रेल्वेच्या बांधकाम विभागाला कर. मराठवाडा म्हटलं की लोक सवयीनं नांदेडला पाठवतात, नांदेड विभाग दक्षिण मध्य रेल्वेचा, ही लाइन बांधणारी मध्य रेल्वे, मग अर्ज नुसता या टेबलावरून त्या टेबलावर फिरत बसतो.

"रेल्वे लाइननी शेताचे दोन भाग झाले. विहीर एकीकडं, ऊस दुसरीकडं. मावेजा मिळाला, पण बैलगाडी न्यायची कुठून? साइटवरचे लोक म्हणतात अंडरपास होईल, लेखी काही देईनात. मालक म्हणतात गप बसा, सरकारी काम आहे."
*(शेतकरी ताई, धाराशिव जिल्हा)*

ताई, गप बसू नका, आणि मालकांनाही हे वाचून दाखवा. रेल्वे कायदा 1989 चं कलम 16 नेमकं याच्यासाठी आहे. लाइनमुळं शेतात जायला अडथळा होत असेल, पाण्याचा पाट तुटत असेल, ओढ्याचं पाणी तुंबत असेल, तर त्यासाठी लागणारे रस्ते, मोऱ्या, पूल, नाल्या रेल्वेनं करून द्यायच्यात, आणि त्या काम चालू असताना किंवा लगेच नंतर. म्हणजे ही कोणाची मेहरबानी नाही. फक्त एक अट लक्षात ठेवा, लाइन वाहतुकीला खुली होऊन दहा वर्षं झाली की त्यानंतर नव्या कामाचा खर्च रेल्वेवर टाकता येत नाही. मागायचं ते आत्ताच मागायचं.

भराव चढायच्या आधी मोरी किंवा अंडरपास टाकणं सोपं असतं, रूळ पडल्यावर त्याच जागी खालून काढायचं म्हणजे वर गाड्या चालू अन् खाली खोदकाम, त्याला कोणी लवकर तयार होत नाही. म्हणून आजच प्रांत ऑफिसला अन् रेल्वेच्या बांधकाम इंजिनियरला अर्ज द्या, गट नंबर, सातबारा, मोजणीचा नकाशा जोडा, त्या नकाशावर विहीर कुठं, पाइपलाइन कुठून, पाणंद कुठून हे लाल पेनानं दाखवा, आणि पोच घ्या. पोच नसलेला अर्ज म्हणजे दिलाच नाही. विहिरीची पाइपलाइन लाइनखालून न्यायची असेल तर तिचीही मागणी त्याच अर्जात करा, नंतर वेगळी परवानगी काढत बसलात तर ऊस वाळून जाईल.

शेजारचे चार-पाच शेतकरी मिळून एकच अंडरपास मागितला तर मिळायची शक्यता जास्त. एकट्याच्या बांधावर एक असं ते करत नाहीत, तेही समजण्यासारखं आहे. आणि अंडरपासची जागा ओढ्याच्या पातळीपेक्षा वर मागा. बऱ्याच गावांत अंडरपास झालेत पण पावसाळ्यात त्यात कमरेइतकं पाणी, मग शाळेची पोरं रूळ ओलांडून जातात. पाणी काढायची सोय नकाशात आहे का ते आत्ताच विचारून ठेवा.

"मी सोलापूर–तुळजापूर–धाराशिव लाइनच्या कामाचे व्हिडिओ बनवतो, ड्रोननी. परवा साइटवरच्या गार्डनी हाकललं. काम सरकारी, पैसा जनतेचा, मग अडवायचं काय कारण?"
*(व्हिडिओवाला, तुळजापूर)*

दादा, तुझे व्हिडिओ बघून पुण्या-मुंबईतल्या आपल्या लोकांना गावाकडचं काम कळतं, हे काम चांगलंय. पण गार्डचं चुकलं नाही. रेल्वेच्या हद्दीत परवानगीशिवाय शिरणं रेल्वे कायद्याच्या कलम 147 खाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड. आणि नवीन लाइनवर गाड्या चालू नाहीत म्हणजे धोका नाही असं नाही, उलट तिथं टाइमटेबल नसतं, खडीची गाडी कधीही रिव्हर्स येते, गर्डर उचलणाऱ्या क्रेनखाली तू उभा आहेस हे वरच्या ऑपरेटरला दिसत पण नाही. ड्रोन उडवायचा तर परवानगी काढ, नसेल तर सार्वजनिक रस्त्यावरून झूम कर.

आता तुझ्या व्हिडिओबद्दल थोडं बोलू का? संगीत कमी कर अन् दर वेळी एकाच जागेवरून शूट कर. तोच पूल, तोच कोपरा, महिन्यातून एकदा. चार महिन्यांत बघणाऱ्याला आपोआप कळतं काम हललं का थांबलंय. ही 84 किलोमीटरची लाइन, 2019 च्या जानेवारीत सोलापूरच्या सभेत पंतप्रधानांनी तिच्याबद्दल सांगितलं तेव्हापासून लोक वाट बघायलेत, त्यांना "लवकरच" ऐकून कंटाळा आलाय. नवरात्रात अन् कोजागिरीला पायी चालत येणारे भाविक बघ, स्टेशन मंदिरापासून किती लांब, तिथून वर यायला रस्ता किती रुंद, एसटीची सोय काय, यावर एक व्हिडिओ कर. बिल्डिंगला कळस आहे का नाही यावर आधीच खूप झालेत.

"जालना–जळगाव लाइन मंजूर झाली. आमच्या भोकरदनला एक एजंट म्हणतो, स्टेशन इथंच होणार, आत्ता प्लॉट घ्या, दोन वर्षांत तिप्पट. त्याच्याकडं नकाशा पण आहे. घ्यावा का?"
*(किराणा दुकानदार, भोकरदन तालुका)*

काका, नकाशा झेरॉक्सच्या दुकानात पण मिळतो! मंत्रिमंडळानं ऑगस्ट 2024 मध्ये मंजुरी दिली हे खरं, 174 किलोमीटर, सात हजार कोटींच्या वरचा खर्च, आणि पूर्ण करायचं लक्ष्य 2030-31. म्हणजे कागदावरच दोन वर्षांचा विषय नाही. वरच्या बीडच्या भावाचं उत्तर वाचा, मग कागदावरचं अन् जमिनीवरचं अंतर किती ते कळेल.

लाइन कुठून जाणार हे तुम्हाला फक्त भूसंपादनाच्या अधिसूचनेतून नक्की कळतं, तिच्यात गट नंबर छापलेले असतात, ती राजपत्रात अन् पेपरात येते, प्रांत ऑफिसला बघायला मिळते. एजंट दाखवतो तो गट त्यात असेल तर जास्तच सांभाळा, कारण मग ती जमीन लाइनखालीच जाणार. 2013 च्या भूसंपादन कायद्यात कलम 11 ची अधिसूचना निघाली की त्या जमिनीचा व्यवहार कलेक्टरच्या परवानगीशिवाय करता येत नाही, केला तर मावेजा कोणाला यावर तुमची अन् मूळ मालकाची आयुष्यभर भांडणं. आणि गट लाइनच्या बाजूला असला तरी तिथं स्टेशन होईल का नुसता हॉल्ट हे वेगळं. स्टेशन असेल तर दोन-तीन रूळ, सिग्नल, गाड्यांचं क्रॉसिंग. हॉल्टला एकच रूळ, एक शेड, तिकीट विकणारा बहुतेक वेळा कमिशनवरचा माणूस, आणि दिवसातून एक-दोन पॅसेंजर थांबल्या तर थांबल्या. हॉल्टच्या शेजारी प्लॉट तिप्पट होत नसतो.

एवढं करूनही घ्यायचाच असेल तर एनए ऑर्डर बघा, सातबाऱ्यावर बोजा बघा, तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट वकिलाकडून काढा, आणि रोख बयाणा देऊ नका. एजंटला एकच म्हणा, "तुमच्या नकाशावर रेल्वेचा सही-शिक्का दाखवा, मी उद्या येतो."