लवंगीच का, संकेश्वरी का नाही?

मे महिना आला की या सदराकडं गीतकार जगदीश खेबुडकर, म्हणजे आमच्या नानांवरची पत्रं येऊ लागतात. नाना ३ मे २०११ ला गेले आणि १० मे हा त्यांचा जन्मदिवस. दोन्ही तारखांत एकाच आठवड्याचं अंतर, त्यामुळं आठवण काढायला सगळ्यांनाच निमित्त मिळतं. यंदाच्या पत्रांतली चार घेतली आहेत.

प्रश्न : काका, लक्ष्मीपुरीत आमचं मसाल्याचं दुकान आहे. चटणीच्या दिवसांत गिऱ्हाईक ब्याडगी मागतं, संकेश्वरी मागतं. लवंगी मागणारा दहांत एखादा. मग खेबुडकरांनी कोल्हापूरच्या बाईला लवंगी मिरचीच का म्हटलं? ते तर इथलेच होते.
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : तुमच्या प्रश्नानं मला दोन दिवस झोप लागू दिली नाही. ज्या लावणीवर मी आयुष्यभर ढोलकी वाजवली, तिच्याबद्दल हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. तो दुकानात बसणाऱ्यालाच पडायचा.

'मला हो म्हणतात लवंगी मिरची' ही लावणी १९६२ च्या 'रंगल्या रात्री अशा' या चित्रपटातली. संगीत वसंत पवारांचं, गायल्या सुलोचनाबाई चव्हाण. नानांचं जन्मगाव हळदी, आपल्याच जिल्ह्यातलं. उन्हाळ्यात दारोदारी मिरच्या वाळत पडलेल्या असतात अशा मुलखात वाढलेल्या माणसाला कुठली मिरची कशाला लागते हे सांगावं लागत नाही. तेव्हा चूक झाली असं मला वाटत नाही. त्यांनी निवडून घेतलेला शब्द आहे तो.

आधी गावाचं बघा. संकेश्वरी म्हणजे संकेश्वरची, ब्याडगी म्हणजे ब्याडगीची. दोन्ही गावं आज कर्नाटकात. लावणीतली बाई सुरुवातच करते की माझं नाव-गाव कशाला पुसता, आणि पुढच्या दमाला कोल्हापूरचं नाव घेते. त्याच्या मागोमाग दुसऱ्या गावाचं नाव लागलेली मिरची आली असती तर कोल्हापूर तिथंच पुसलं गेलं असतं. लवंगीच्या नावात गावच नाही. तिला लवंगेवरून नाव पडलं, लवंगेएवढी बारीक म्हणून.

दुसरं, ब्याडगी दिसायला लालभडक, पण जिभेला मवाळ. रंगासाठी घालतात हे तुम्ही मला शिकवाल. फडावर उभी राहून स्वतःला ब्याडगी म्हणवून घेणारी बाई मी तरी बघितली नाही. लवंगी हाताला किरकोळ लागते आणि दाताखाली आली की डोळ्यांतून पाणी काढते. समोर फेटे बांधून बसलेल्या चारशे पुरुषांना एकट्या बाईनं जे सांगायचं असतं, ते त्या एका शब्दात आलं.

आता माझ्या हातातलं सांगतो. ती ओळ 'हो' काढून म्हणून बघा. मला म्हणतात लवंगी मिरची. माहिती कळली, संपलं. 'मला हो म्हणतात' असं म्हटलं की मध्ये एक जागा तयार होते. नाचणारी तिथं मान वळवते, पाय रोखते, आणि मी शाईवर, म्हणजे ढोलकीच्या चामड्यावरच्या काळ्या गोलावर, एकच कोरडी थाप मारून हात उचलतो. ती थाप मारायला मला कुणी शिकवलं नाही, शब्दानंच ती मागून घेतली. आणि 'अहो', 'हो' ही हाक आपण मानानं मारतो. बाई तिखट बोलते, पण अंतर राखून बोलते. कागदावर लिहिताना ढोलकीला जागा ठेवणारे कवी फार थोडे. माझ्या बघण्यात नाना त्यांत सगळ्यांत पुढं.

तुमच्या दुकानात या उन्हाळ्यात लवंगीची पाटी जरा पुढं मांडा, एवढं माझं ऐका.

प्रश्न : वडील गेल्या वर्षी वारले. त्यांच्या ट्रंकेत तमाशाच्या तिकिटांची अर्धुकं निघाली, रबर लावून ठेवलेली. ते घरी न सांगता जायचे हे आम्हाला माहीत होतं. आई म्हणते, जाळून टाक. तिथं नेमकं काय असायचं? खेबुडकरांच्या लावण्या मी रेडिओवर ऐकल्या, त्या तर घरात सगळ्यांसमोर चालायच्या.
– एक वाचक, कागल

उत्तर : जाळू नका. आईंना माझा नमस्कार सांगा. त्यांचा राग मला कळतो. दळणाच्या पैशांतून तिकीट निघालं असेल तर घरातल्या बाईनं का रागावू नये? तरीही जाळू नका.

मी १९७० साली, १९ वर्षांचा असताना, कमरेला ढोलकी बांधून फडात उभा राहिलो. दसऱ्याला फड निघायचा तो बुद्धपौर्णिमेपर्यंत हिंडायचा. पावसाळ्यात घर चालावं म्हणून मालकाकडून उचल घेतलेली असायची, ती फेडत फेडत सगळा हंगाम जायचा. गावानं सुपारी दिली तर खेळ सगळ्यांना फुकट. तंबू लागला तर तिकीट. तुमच्या वडिलांकडं अर्धुकं आहेत म्हणजे ते तंबूचे गिऱ्हाईक.

दुपारी ट्रक यायचा. खांब रोवले जायचे, कनात ताणली जायची, फळ्या टाकून स्टेज व्हायचं. दिवेलागणीला हलगीवाला तंबूमागं पाचोळा पेटवायचा आणि हलगी शेकायला बसायचा. चामडं ढिलं असलं की हलगी मुकी राहते. तापली की अशी कडाडते की शिवारातल्या वस्त्यांवर ऐकू जायची. वडिलांना बोलावणं त्या आवाजाचंच असणार. बसा घरात म्हटल्यानं माणूस बसत नाही तेव्हा.

आधी गण, म्हणजे गणपतीचं स्तवन, मग गौळण. गौळणीत मावशी आली की म्हातारी माणसं पोट धरून हसायची. मग रंगबाजी, म्हणजे लावण्या. आणि मध्यरात्र उलटल्यावर वग, म्हणजे नाटक, तो तांबडं फुटेपर्यंत. लोकांना वाटतं माणसं फक्त बाई बघायला यायची. मग वगाला तंबू रिकामा व्हायला हवा होता. तो होत नव्हता. आमच्या बाजूला कवलापूरच्या काळू-बाळूंचं नाव घेतलं की त्यांचा वग आठवणारे म्हातारे अजून भेटतील. ते लावणी आधी सांगत नाहीत.

वाईटही होतं, ते झाकून सांगणार नाही. दारू पिऊन आलेले, बायकांवर चिल्लर फेकून मारणारे, खेळ संपल्यावर राहुटीकडं येणारे. एका गावात पुढाऱ्यांनी ठरलेले पैसे बुडवले आणि वर आम्हालाच वेशीबाहेर काढलं. त्या रात्री आमच्या फडातली एक बाई तापानं फणफणलेल्या पोराला पोटाशी धरून उघड्या ट्रकमध्ये बसली होती. ते मी विसरलेलो नाही. तिनंच दोन तासांपूर्वी त्या गावाला हसवलं होतं.

आता रेडिओचं. १९७२ ला 'पिंजरा' आला. व्ही. शांतारामांचा चित्रपट, गाणी नानांची, चाली राम कदमांच्या, आवाज उषाबाई मंगेशकरांचा. त्याआधी तंबूत आमच्या फडाच्या लावण्या चालायच्या, चित्रपटातली एखाददुसरी. 'पिंजरा'नंतर लोक तिकिटाच्या खिडकीवरच विचारायचे, पिंजऱ्यातलं म्हणणार का? आमच्या मुख्य गायिकेला अक्षर येत नव्हतं. फड कोल्हापूरजवळ होता, तेव्हा आम्ही दोघं आणि तिची थोरली बहीण सलग तीन दिवस टॉकीजला गेलो. पहिल्या दिवशी तिनं नुसतं बघितलं. दुसऱ्या दिवशी ओठ हलवत होती. तिसऱ्या दिवशी पडद्यावर गाणं लागलं की तिनं माझं मनगट धरायचं आणि मी गुडघ्यावर बोटांनी ठेका द्यायचा. बाहेर आल्यावर म्हणाली, "गाणं लई लवकर संपतंय. आपल्याला पंधरा मिनटं पायजे."

मग आम्ही ते वाढवलं. ओळ गायिकेनं सोडायची, मागं साथीला गाणाऱ्या झीलकऱ्यांनी उचलायची, सूर धरणाऱ्या सुरत्यानं वरचा सूर धरून ठेवायचा, आणि तेवढ्यात ती नाचून परत समेवर यायची. शब्द मात्र एकही बदलला नाही. दुसऱ्यांच्या लावणीत आम्ही सर्रास शब्द बदलायचो, कारण फडावर जे तोंडात बसत नाही ते टिकत नाही. नानांचे शब्द बसायचे. शाळेत मास्तरकी केलेला माणूस आणि तोंडात बसेल असंच लिहायचा. म्हणून एकच लावणी सकाळी तुमच्या घरात रेडिओवर चालायची आणि रात्री तंबूत. तुमचे वडील तुमच्याबरोबर बसून ती रेडिओवर ऐकत होते, तेव्हा त्यांना तंबूतली पंधरा मिनिटांची आठवत असणार.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. शाहू महाराजांनी उभं केलेलं, १९१५ पासूनचं आपलं पॅलेस थिएटर. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. माणसं रस्त्यावर उभी राहून रडत होती, मीही त्यांत होतो. दगडाची वास्तू होती म्हणून तिच्यासाठी रडायला जागा तरी होती. तंबू सकाळी सोडला की खांबांचे खड्डे उरायचे, आणि पहिल्या पावसात तेही बुजायचे. तुमच्या ट्रंकेतली अर्धुकं तेवढी राहिलीत. रबर काढून कागदात गुंडाळा, रबर वितळून कागदाला चिकटतं.

प्रश्न : आमच्या वाचनालयात खेबुडकरांच्या गीतांचा कार्यक्रम ठरलाय. समितीत काहींचं म्हणणं आहे की लावणी नको. लावणी वगळून दीड तास होईल का?
– एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर : दीड काय, तीन तास होईल. 'धुंदी कळ्यांना', 'आकाशी झेप घे रे', 'अष्टविनायका तुझा महिमा कसा' ही सगळी त्यांचीच. 'देहाची तिजोरी' तर 'पिंजरा'च्याच वर्षी, १९७२ ला आलं. सुधीर फडक्यांच्या आवाजात ते देवळादेवळांत पोचलं, आणि गाणाऱ्यांना ते एखाद्या जुन्या संताचं वाटतं. एकाच वर्षी एकाच हातानं दोन्ही लिहिलं हे समितीला जरूर सांगा.

आणि ही गोष्टही सांगा. १९४८ ला गांधीजींच्या हत्येनंतर जी जाळपोळ झाली तीत त्यांचं घर जळालं. तेव्हा ते सोळाच्या आसपासचे होते, आणि तेव्हा लिहिलेली त्यांची पहिली कविता होती 'मानवते तू विधवा झालीस'. जळालेल्या घराच्या पोरानं पहिली कविता माणुसकीवर लिहिली. कार्यक्रमाची सुरुवात मी तिथून करेन.

तरी एक लावणी घ्याच. नाना गेले त्या दिवशी मी भोगावतीकाठच्या एका गावात होतो. फड सोडून मला बरीच वर्षं झाली होती, पण ढोलकीवाला आजारी पडला म्हणून बोलावलं होतं. चैत्रातली अमावस्या, बातमी संध्याकाळपर्यंत सगळीकडं पोचलेली. मालक म्हणाला, खेळ रद्द करू. गावातला एक म्हातारा पुढं आला आणि म्हणाला, "रद्द नको. एकच म्हणा आणि थांबा." तेव्हा गणाच्या जागी लवंगी मिरचीच झाली. शिट्टी नाही, फेटा उडाला नाही. त्या 'हो'वर थाप मारायला माझा हात उठला आणि ढोलकीवर नुसता टेकला. कुणी काही बोललं नाही. बायकाही उठून उभ्या राहिल्या होत्या, पदर डोक्यावर घेऊन.

समितीला पटलं नाही तर मला फोन करा. गडहिंग्लज लांब नाही, मी येतो.

प्रश्न : आजोबांची ढोलकी माळ्यावर सापडली. एका बाजूची पुडी, म्हणजे चामडं, फाटली आहे, लाकडी खोड शाबूत दिसतंय. विकत घेणारा म्हणतो नवीनच घ्या. काय करू?
– एक वाचक, शिवाजी पेठ

उत्तर : खोडाला चीर आहे का ते बघा. आत टॉर्च मारा, बाहेरून फिरवून बघा, उजेड कुठून येतो का. येत नसेल तर ती ढोलकी जिवंत आहे, पुडी काय, नवी बसते. खोड एकाच लाकडातून कोरलेलं असतं, तसं जुनं मुरलेलं लाकूड आता सहज मिळत नाही. तेल लावू नका, उन्हात ठेवू नका. दोरीच्या कड्या सरकवून ताण सैल करा. पावसाळा तोंडावर आहे, सुती कापडात गुंडाळून कोरड्या जागी ठेवा आणि उंदरांपासून जपा. चांगल्या पुडीची आतली बाजू हातानं चाचपून बघा. तिथं काळा, कडक झालेला मसाला लागला तर खरवडू नका. आजोबांनी तो स्वतःच्या हातानं लावलेला असू शकतो, आणि त्याच्यावरून ते कुठल्या पट्टीत वाजवायचे हे मला कळेल.

पुडी बसवायला टाकण्याआधी एकदा मला दाखवा.