भीती कुणाची, ते आधी सांग

फोंडा, गोवा

बाय,

तुझ्या विज्ञानपटाची संहिता वाचली. बरी की वाईट ते नंतर बोलू. तिच्यासोबत तू जो प्रश्न पाठवलास, त्यानं माझी दुपारची झोप घालवली: ‘सर, सध्या कोणती भीती चालते? एआयची की हवामानाची?’ मासळी बाजारात ‘आज इसवण कशी दिली?’ विचारतात, तसा हा प्रश्न झाला. परीक्षकांना ताजा विषय लागतो, असं तुला वर्गात कुणीतरी सांगितलं असणार. म्हणून तू बंगळुरूसारखं एक शहर घेतलंस, त्यात बोलणारं यंत्र घातलंस, आणि शेवटी ते यंत्र सगळ्यांना कामावरून काढतं. लिहिणारी गोव्यातल्या साखळी गावात वाढलेली, आणि संहितेत साखळी औषधालाही नाही.

विज्ञानपट म्हणजे त्या त्या काळाच्या भीतीचा आरसा, असं तू टिपणात म्हटलंयस. बरोबर आहे, सगळेच म्हणतात. पण काळाला भीती वाटत नसते गं. ती माणसांना वाटते, आणि एकाच काळात शेजारच्या दोन घरांना अगदी उलट गोष्टींची वाटते. म्हणून विज्ञानपट बघताना, आणि लिहिताना तर हमखास, पहिला प्रश्न एकच. भीती कुणाची?

‘गोजिरा’ घे, म्हणजे आपला गॉडझिला. त्याचे नवे अमेरिकन अवतार तू पाहिलेस, इमारती कोसळतात आणि पोरं शिट्ट्या मारतात. इशिरो होंडा यांचा १९५४ चा मूळ जपानी चित्रपट बघ. त्या वर्षी १ मार्चला अमेरिकेनं बिकिनी प्रवाळबेटावर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. धोक्याचं म्हणून आखलेल्या क्षेत्राच्या बाहेर ट्यूना पकडणाऱ्या एका जपानी बोटीवर पांढरी राख पडली. बोटीवर २३ खलाशी होते. सगळे आजारी पडले, आणि बिनतारी संदेश सांभाळणारा सप्टेंबरात वारला. बाजारात ट्यूनाला कुणी हात लावेना. ३ नोव्हेंबरला चित्रपट लागला आणि सुरुवातीलाच पडद्यावर काय? समुद्रातली एक बोट, डेकवर निवांत बसलेले खलाशी, आणि पाण्यातून अचानक लख्ख उजेड. ही बोट कुठली, हे थिएटरात कुणाला सांगावं लागलं नसणार. पुढे लोकलगाडीत एक बाई सहज बोलून जाते की नागासाकीतून कशीबशी वाचले आणि आता हे. प्राणी नीट दिसायच्या आधीच भीती कुणाची ते ठरलेलं होतं.

दोन वर्षांनी अमेरिकेत तोच चित्रपट कापून, मध्ये एक अमेरिकन वार्ताहर घुसवून दाखवला गेला. अणुबॉम्बविषयीचं बरंच काही गळलं, नागासाकीचं वाक्यही गेलं. प्राणी तोच, जळणारं टोकियो तेच, पण बॉम्ब ज्यांच्यावर पडला त्यांच्या हातातून भीती काढून घेतली गेली. असं होऊ शकतं, हे लक्षात ठेव.

आता माझ्या पिढीला झोंबलेलं उदाहरण. ‘सॉयलंट ग्रीन’, १९७३ चा. गोष्ट २०२२ सालच्या न्यूयॉर्कची, वस्ती चार कोटींची. जिन्याजिन्यांवर माणसं झोपलेली, खायला कारखान्यात बनवलेल्या वड्या. लोकसंख्येच्या स्फोटाची धास्ती तेव्हा तिकडे जोरात होती, आणि ती घरोघरी पोचवण्यात पॉल एर्लिक यांच्या १९६८ च्या ‘द पॉप्युलेशन बॉम्ब’ या पुस्तकाचा मोठा हात होता. ते पुस्तक सुरू कुठे होतं ठाऊक आहे? दिल्लीत. उकाड्याची रात्र, हॉटेलकडे निघालेली टॅक्सी, आणि खिडकीबाहेर माणसंच माणसं. कुणी जेवतंय, कुणी झोपलंय, कुणी भांडतंय. अगं, ती माणसं आपापला दिवस संपवत होती! टॅक्सीत बसलेला घाबरला, आणि त्याच्या भीतीतला राक्षस म्हणून आपण उभे राहिलो. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं होतं. ते पुस्तक निघाल्यावर काही वर्षांतच आपल्याकडे आणीबाणीत नसबंदीची मोहीम आली, माणसं धरून शिबिरांत नेली गेली. टॅक्सीतल्या माणसाच्या भीतीवर चित्रपट निघाले. शिबिराच्या रांगेत उभ्या असलेल्याच्या भीतीवर एक निघायला हवा होता. तू लिहायला बसशील तेव्हा काचेच्या आत आहेस की बाहेर, तेवढं आधी बघ.

‘इन्व्हेजन ऑफ द बॉडी स्नॅचर्स’बद्दल तू ‘कम्युनिस्टांची भीती’ असं दोन शब्दांत उरकलंस. कुठल्यातरी पुस्तकातून उचललंस ना? १९५६ च्या त्याच चित्रपटात कितीतरी लोकांना कम्युनिस्ट हुडकत फिरणाऱ्यांची, शेजाऱ्यानं शेजाऱ्याकडे बोट दाखवण्याची भीतीही दिसली. शेंगांतून उगवणारी हुबेहूब माणसं दोन्ही अर्थांना पुरून उरतात. स्टुडिओनं मात्र पुढे-मागे प्रसंग जोडायला लावून शेवट आशेचा करून घेतला. आता ती भीती कुणाची, ते तूच ओळख.

तर तुझं यंत्र. हॉलिवूडच्या लेखकांनी २०२३ मध्ये १४८ दिवस संप केला, आणि एआयला आवर घाला ही त्यातली एक मोठी मागणी होती. त्यांच्या पोटावर येत होतं. त्यांनी यंत्राची भीती लिहिली तर ती त्यांची स्वतःची. तुझी आहे का? असेल तर लिही, मी कोण अडवणारा? पण मला शंका आहे, कारण तुझ्या अंगणात बाबांचा खनिज वाहणारा टिपर उभा होता. २०१२ च्या सप्टेंबरात गोव्यातल्या खाणी थांबल्या, मग अटींवर सुरू झाल्या, मग सर्वोच्च न्यायालयानं ८८ लीजांचं नूतनीकरण रद्द ठरवलं आणि १६ मार्च २०१८ पासून पुन्हा सगळं ठप्प. तुझ्या बाबांचं काम यंत्रानं नाही नेलं. आणि त्याच वाटेवर, कदाचित तुझ्याच वर्गातली एखादी असेल, जिच्या घरची विहीर खाणीनं आटवली, जिच्या आजोबांच्या शेतात लाल गाळ बसला. तेव्हा तुमच्या घरी खाणी बंद राहण्याची भीती, तिच्या घरी त्या परत सुरू होण्याची. मध्ये रस्ता तेवढा. एवढं सगळं उंबऱ्याशी असताना बंगळुरूला कशाला गेलीस?

आता लगेच ‘सर, मग दोन्ही बाजू मांडते’ म्हणशील. मांडू नकोस. ते काम वर्तमानपत्रांचं. एका घराच्या खिडकीतून बघ, आणि समोरचं घर सतत दिसत राहू दे. कुठलं घर घ्यायचं ते मी सांगणार नाही. सोपं पडतं म्हणून स्वतःचं घेऊ नकोस, एवढंच.

कोरियन दिग्दर्शक बोंग जून-हो यांनी ‘द होस्ट’मध्ये, २००६ साली, हेच केलं. २००० साली सोलमधल्या अमेरिकन लष्करी तळाच्या शवागारातून फॉर्माल्डिहाइड मोरीत ओतलं गेलं, आणि ती मोरी जात होती हान नदीला. चित्रपट तिथूनच उघडतो. बाटल्यांची रांग, हुकूम देणारा साहेब, मनाविरुद्ध ओतणारा हाताखालचा माणूस. मग नदीतून प्राणी येतो, आणि उचलून नेतो कुणाची मुलगी? नदीकाठी टपरी चालवणाऱ्याची. साहेबाची नाही. वाळवंटी नदी तुझ्या गावातून वाहते, पुढे मांडवीला मिळते. त्या मांडवीतून खनिजाच्या बार्जी गेल्या, आणि पणजीला तिच्यात कॅसिनोंचे दिवे पडतात. इफ्फी चित्रपट महोत्सवात पास गळ्यात अडकवून त्याच काठावरून तू चित्रपट बघायला धावतेस. एकदा नदीकडे तोंड करून उभी राहा की!

माझ्याबद्दल तुला कुणीतरी सांगितलंच असेल, सर जन्मभर दुसऱ्यांचे चित्रपट दाखवत राहिले, स्वतः एक काढला नाही. खरं आहे. संहिता होती. कुर्डीची. गायिका मोगूबाई कुर्डीकरांचं गाव, साळावली धरणाच्या पाण्याखाली गेलेलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की मे महिन्यात घरांची जोती वर येतात, उठून गेलेले लोक परत जमतात, सोमेश्वराचा उत्सव होतो, ख्रिस्ती मंडळी कपेलाकडे जमतात, आणि पावसात गाव पुन्हा खाली. माझ्या गोष्टीत एका मे महिन्यात पाणी उतरतं तेव्हा गाव वसलेलंच असतं. चुली पेटलेल्या असतात, आणि आतले लोक आलेल्यांना विचारतात, तुम्ही कुठले? मुंबईचा एक निर्माता म्हणाला, फक्कड आहे, फक्त गावकऱ्यांच्या जागी परग्रहवासी घालूया. मी कागद गोळा केले आणि रात्रीच्या बसनं घरी आलो.

बायको आजही म्हणते, घातले असते परग्रहवासी तर काय बिघडलं असतं? निदान कुर्डी पडद्यावर आली असती. ज्यांनी ते गाव सोडलं त्यांतले बरेच आता नाहीत, त्यांना दाखवायला माझ्याकडे काही नव्हतं, आणि हे मला टोचतं. तिचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. होंडांचा प्राणी तरी काय, रबरी पोशाखातला माणूसच. पण होंडांच्या प्राण्याच्या आत ती बोट होती, ती राख होती. त्या निर्मात्याला बुडालेलं घर नकोच होतं, त्याला उडती तबकडी हवी होती. तबकडी आली असती की पाण्याखाली कुणाचं काय गेलं हे विचारायला जागाच उरली नसती. मी आजही नाहीच म्हणेन. हट्टी म्हण हवं तर. हे तुला सांगतोय की घरात सांगतोय, ते सोड.

कामाचं बोलतो. यंत्र ठेव, माझी हरकत नाही. चालकाशिवाय रोज पहाटे आपणहून सुरू होऊन बंद खाणीकडे निघणारा टिपर चालेल, किंवा मला सुचणार नाही असं तुझं काहीतरी. पैसे नाहीत ही सबब सांगू नकोस. गोजिराची डरकाळी संगीतकार आकिरा इफुकुबे यांनी कॉन्ट्राबास या मोठ्या तंतुवाद्याच्या सैल केलेल्या तारांवरून राळ लावलेला चामडी हातमोजा ओढून काढली होती. २०१८ च्या मार्चमध्ये टिपरची किल्ली काढून घरात ठेवली, तेव्हा पहिली धास्ती कशाची वाटली, हे बाबांना विचार. त्यांना आवडणार नाही. तरी विचार. मग समोरच्या घरी जाऊन तोच प्रश्न विचार. तिथे कदाचित तुला बसायलाही सांगणार नाहीत, पण उभ्या उभ्या ऐकून ये. हे केल्याशिवाय पहिलं पान लिहू नकोस.

आणि परीक्षकांना काय आवडेल, हे मला परत विचारायचं नाही. मसुदा छापून आण, फोनवर वाचताना डोळे दुखतात. चवथीच्या आधी ये, नंतर घर पाहुण्यांनी भरलेलं असतं.

तुझे,
सर